ऑर्डर नसलेल्या खुर्च्या

केकसाठी मनुका कमी पडल्या, म्हणून आईने होत्या तेवढ्या सगळ्या एकाच बाजूला टाकल्या. "निदान अर्ध्या केकला तरी नाताळ वाटू दे," ती म्हणाली.

चर्चच्या पाळकसाहेबांचा घसा बसला होता. ते रोज गुळण्या करत होते आणि आवाज रोज आणखी खाली जात होता.

कारखान्याच्या फाटकावर नोटीस होती. नोटिशीवर साहेबांची सही होती आणि सहीला कुणीतरी पेनाने शेपूट काढलं होतं.

चष्म्याच्या दुकानात एक बाई आल्या. नंबर वाढलेला, काच चरे पडून पांढरी झालेली. त्यांनी फक्त दांडी बसवून घेतली. "दिसतंय तेवढं पुरे. हल्ली बघण्यासारखं आहे काय?"

चौकातल्या दोन स्पीकरपैकी एक मुका झाला होता. नाताळगीतं वाजत, पण त्यात फक्त बायकांचा आवाज यायचा. पुरुष कुठे गेले होते कुणास ठाऊक.

गोदामात खुर्च्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या, पार छतापर्यंत.

*

खुर्च्या घरात होत्या, हेच तर दुखणं होतं.

दर नाताळला त्या बाहेर असत. कारखान्याच्या आवारातला कामगारांचा कार्यक्रम ही बाबांची वर्षातली सगळ्यांत मोठी ऑर्डर. घडीची लोखंडी खुर्ची, वर आईने शिवलेली पांढरी खोळ. गोदामातल्या पुरल्या नाहीत की घरातल्या जायच्या, आईची शिवणयंत्रासमोरचीसुद्धा. त्यामुळे या घरात नाताळचं जेवण जमिनीवर बसून व्हायचं, आणि तेही बाबा खुर्च्या परत घेऊन आल्यावर. मधलीला, म्हणजे मधल्या मुलीला, लहानपणी वाटायचं, खुर्च्या नसतात त्या दिवसाला नाताळ म्हणतात. शाळेत नाताळचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा तिने गव्हाणी काढली, बाळ काढलं, गाय काढली, आणि सगळ्यांना खाली बसवलं. ज्ञानी पुरुषांनासुद्धा. बाईंनी विचारलं, हे असे का बसलेत? मधली म्हणाली, "खुर्च्या भाड्याने गेल्यात."

यंदा कारखाना बंद झाला होता. कार्यक्रम नव्हता, लग्नं लोक घरच्या घरी उरकत होते, वाढदिवस तर कुणाचे येतच नव्हते. आणि आयुष्यात पहिल्यांदा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात सगळ्यांना बसायला खुर्ची होती. सगळे अवघडून बसले होते.

"चाव्या काढून घ्यायच्या," दादा म्हणाला. दादा विमा कंपनीत होता आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ती कधी पेट घेईल अशा नजरेने बघायचा.

"हळू बोल," आई म्हणाली. "खाली गोदामात आहेत ते."

"त्यांना ऐकू येत नाही एवढं."

"ऐकू सगळं येतं. राहत नाही, एवढंच," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे धाकटा. तो लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा, आणि स्पीकर बंद पडला तरी याचा आवाज चालू असायचा, म्हणून हे नाव.

"चेष्टा पुरे," वहिनी म्हणाल्या. वहिनी औषधाच्या दुकानात होत्या. बोलणंही पुडीत बांधून द्यायच्या, नेमकं आणि कडू. "परवा गॅस उघडा ठेवला. त्याआधी टेम्पो रस्त्यात सोडून चालत घरी आले. त्याआधी लग्नाच्या खुर्च्या मयताच्या घरी नेऊन मांडल्या. लाल खोळी, सोनेरी फिती, सगळ्यासकट."

"पण वहिनी, लोक किती आरामात बसले! एक जण मला म्हणाला, म्हातारबुवांची शेवटची हौस दिसतेय."

आईला हसू फुटलं. तिने ते केकवर वाकून लपवलं.

"हसा तुम्ही," दादा म्हणाला. "उद्या टेम्पोखाली कुणी आलं म्हणजे हसा. आई, मला काय हौस आहे? गोदामाची आणि टेम्पोची चावी मी ठेवतो. बाबांनी बसावं आरामात."

"कशावर?" भोंग्याने विचारलं. "खुर्चीवर?"

"मधले, तू बोल," दादा म्हणाला.

सगळ्यांनी मधलीकडे पाहिलं. दादा आणि वहिनी एका बाजूला, आई आणि भोंगा दुसऱ्या. बाजूची माणसं बदलली तरी लहानपणापासून असंच होत आलं होतं. दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि मधली जिकडे जाईल तिकडे घर कलायचं.

तिच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी होत्या. एक तिने कुणाला सांगितलेली नव्हती. मागच्या आठवड्यात बाबा तिच्या चष्म्याच्या दुकानात आले, चष्मा काढून समोर ठेवला आणि म्हणाले, "बाई, जरा घट्ट करून द्या, नाकावरून घसरतो." तिने स्क्रू आवळून दिला. "देव तुमचं भलं करो," म्हणाले आणि निघाले. दारापर्यंत गेले, वळले, आणि अगदी रोजच्यासारखे म्हणाले, "मधले, संध्याकाळी ये घरी. आईने बोलावलंय."

दुसरी गोष्ट शेजारच्या सुताराची. हात थरथरायला लागले म्हणून मुलांनी त्याची हत्यारं काढून घेतली. काळजीपोटीच. तो खिडकीत बसला. पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याचं सगळं बोलणं 'हो' आणि 'नको' एवढ्यावर आलं होतं. हल्ली नुसती मान हलवायचा.

बाबांच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. ते कुठल्या खोलीत आहेत हे त्या आवाजावरून कळायचं. तो आवाज बंद झाला तर बाबा कुठे असतील, हे तिला नीटसं मनात आणता येईना. आणि जुडगा नाही काढला, तर एक दिवस खरंच कुठे असतील हेही.

"काढून घेऊ," मधली म्हणाली.

आईने सुरी खाली ठेवली. "तूसुद्धा?"

"उद्या जेवण झालं की सांगू," दादा म्हणाला. "सगळे असताना. आणि मधली सांगेल."

"मी का?"

"तुझं ऐकतात ते."

"म्हणजे फाशी तुम्ही द्यायची आणि दोर मी ओढायचा."

"नाताळच्या दिवशी हे शब्द नकोत," आई म्हणाली आणि केकची मनुकांची बाजू मधलीपासून लांब फिरवून ठेवली.

*

नाताळची सकाळ. चर्च. बाबांची जागा रिकामी.

"आई, बाबा कुठेत?"

"पुढे आले असतील. पहाटे टेम्पोचा आवाज आला मला."

"टेम्पोचा?" दादाने गीताचं पुस्तक मिटलं. "आणि तू उठली नाहीस?"

"अरे, नाताळला पहाटे टेम्पोचा आवाज येतोच. माझं लग्न झाल्यापासून येतोय. मी कूस बदलली."

पाळकसाहेब: "प्रियजनहो, या कठीण दिवसांत..." यापुढे नुसता वारा.

"भोंग्या, माइक वाढव," मागून कुणीतरी.

"माइक आहे तेवढाच आहे. साहेबांना वाढवा."

पाळकसाहेब: "...आनंद कुठून आणायचा, असं मला लोक विचारतात. मी सांगतो, आनंद हा..." वारा. "...त्यामुळे हे कायम ध्यानात ठेवा."

"काय ध्यानात ठेवायचं?" आईने मधलीला विचारलं.

"ऐकू आलं नाही."

"दर वर्षी महत्त्वाचं तेवढंच निसटतं."

"ऐकलंस ना?" दादा मधलीच्या कानाशी आला. "टेम्पो घेऊन गेलेत. एकटे. आता तरी पटलं? जेवणाची वाटसुद्धा बघायची नाही आपण."

मधलीने वहिनींकडे पाहिलं. कालच्या हिशेबाने त्यांनी आता पुडी सोडायला हवी होती. पण वहिनी गीताच्या पुस्तकात डोळे घालून बसल्या होत्या, आणि पुस्तक दुसऱ्याच पानावर उघडं होतं.

तेवढ्यात फिटर आत आला. फिटर कारखान्यात मशीनवर होता. वीस जणांच्या आवाजात एकटा बोलायचा, कारण मशीनच्या आवाजात तसंच बोलावं लागे आणि मशीन बंद पडल्याचं त्याच्या घशाला कुणी कळवलं नव्हतं. तो दारातूनच म्हणाला, "खुर्चीवाल्यांचं कोण आहे का? तुमचे बाबा कारखान्यात खुर्च्या मांडतायत!"

सबंध चर्चने ऐकलं. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे असूयेने पाहिलं.

*

आवार तसंच होतं. धूर न निघणारं धुराडं, कुलूपबंद शेड, वजनकाट्याच्या भेगांतून उगवलेलं गवत. आणि त्या गवतापासून थेट कँटीनच्या भिंतीपर्यंत, कोवळ्या उन्हात, पांढऱ्या खोळींच्या रांगा. सुतात. एक खुर्ची इकडची तिकडे नाही. बाबांनी दोन टोकांना खिळे ठोकून दोरी बांधली होती आणि त्या दोरीला खुर्च्यांचे पाय लावले होते, तरुणपणापासून लावायचे तसे. दोरीचं दुसरं टोक वॉचमनच्या हातात होतं.

"तुम्ही यांना आत कसं घेतलंत?" दादा वॉचमनवर उखडला.

"दर वर्षी येतात," वॉचमन म्हणाला. "अडवायचं असं मला कुणी सांगितलं नाही. खरं सांगू का साहेब, फाटक बंद झाल्यापासून मला कुणी काहीच सांगितलेलं नाही."

"उशीर केलात," बाबांनी मुलांना पाहून म्हटलं. ते घामाघूम होते, टोपी मागे सरकलेली, आणि असे खूश, की मधलीला त्यांच्याकडे बघवेना. "भोंग्या, स्पीकर कुठे लावणार? पाण्याची पिंपं आली का? साहेबांची भाषणं वेळेवर सुरू झाली पाहिजेत, नाहीतर आपल्याला परत न्यायला अंधार होतो."

भोंगा पिंपं शोधल्यासारखा इकडेतिकडे बघायला लागला.

दादाने मधलीच्या कोपराला हात लावला. सांग.

ती पुढे गेली. बाबा एका खुर्चीची खोळ सारखी करत होते. तिने दुसऱ्या बाजूने तीच खोळ धरली.

"बाबा, कारखाना बंद आहे."

"आज सुट्टीच असते ना."

"आजचं नाही. बंदच झालाय. आता कार्यक्रम नसतो."

बाबांनी धुराड्याकडे पाहिलं. मग शेडच्या कुलपाकडे. मग गवताकडे. एकेक वस्तू जणू साक्षीदारासारखी पुढे येत होती आणि मधलीच्याच बाजूने बोलत होती. त्यांचा हात कमरेच्या चाव्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

"हो की," बाबा म्हणाले. मग रांगांकडे बघून म्हणाले, "मग हे सगळे कशाला आलेत?"

मधली वळली. तोवर तिचं लक्ष फक्त बाबांकडे होतं. मागे रांगांत माणसं बसली होती. फिटरची बायको आणि दोन मुली. वजनकाट्यावरचे काका, गळ्यात मफलर. कँटीनवाली मावशी, जिच्या चहाला सगळा कारखाना नावं ठेवायचा आणि रांगही लावायचा. फाटकातून आणखी येत होती. रस्त्याने जाणारा माणूस आत डोकावायचा, खुर्च्या बघायचा, टोपी नीट करायचा आणि येऊन बसायचा.

"कार्यक्रम कधी सुरू होणार?" वजनकाट्याच्या काकांनी विचारलं.

"कार्यक्रम नाहीये काका," दादा म्हणाला. "चुकून मांडल्यात खुर्च्या. आम्ही आवरतोच आहोत."

"असं," काका म्हणाले आणि जास्त ऐसपैस बसले.

"अहो, कार्यक्रम नाहीये."

"ऐकलं मी. ऊन छान आहे."

"मावशी, तुम्ही तरी..."

"मी काय तरी?" कँटीनवाली म्हणाली. "घरी जाऊन नवऱ्याचं तोंडच बघायचंय. तो तिकडे बसलाय बघ, तिसऱ्या रांगेत. मेला माझ्याआधी येऊन बसला, आणि मला म्हणाला पाय मोकळे करून येतो."

दादाने रिकाम्या रांगेतली एक खुर्ची उचलून मिटली. खाडकन आवाज झाला. सगळ्या आवारात तो एकच आवाज. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, आणि वॉचमन त्याला म्हणाला, "साहेब, लोक बसलेत."

दादा मिटलेली खुर्ची हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याने ती उघडली. आता ती रांगेत वाकडी बसली. बाबा आले आणि पायाने सरळ करून गेले.

*

यानंतर काय झालं ते घरातल्या प्रत्येकाने पुढे वेगवेगळं सांगितलं. भोंगा म्हणे, मी मुका स्पीकर आणला आणि तो आपोआप बोलायला लागला. (नाही लागला.) आईच्या मते तिने फक्त पातेलं आणायला सांगितलं.

मधलीने जे पाहिलं ते असं. आई कँटीनवाल्या मावशीच्या शेजारी बसली आणि दोघींचं कुजबुजत काही झालं. मग आई उठली.

"भोंग्या, टेम्पो घे. कोंबडीचं पातेलं, भात, पाव, केक. चमचे सगळे आण. आणि चादर आण मोठी."

"आई, ते आपलं जेवण आहे," दादा म्हणाला. "पाच जणांचं."

"सहा. तुला नेहमी स्वतःला मोजायचं राहतं."

"सहा. इथे साठ आहेत!"

"मग घास लहान घेऊ."

"मी चूल पेटवते," मावशी म्हणाली. "कँटीनची चावी कुणी मागितलीच नाही माझ्याकडे. चहा मीच करणार, आधीच सांगते, तसाच होईल."

एवढ्यात चर्चमधून उरलेले आले, पाळकसाहेबांसकट. साहेबांनी रांगा पाहिल्या, माणसं पाहिली, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं. वारा. पुन्हा प्रयत्न केला. मग त्यांनी हाताने बाबांना खूण केली. तुम्ही सांगा.

"मी?" बाबा म्हणाले. "मला बोलता येत नाही. मला मांडता येतं."

"मग जन्माची गोष्ट मांडा," फिटर ओरडला.

दादा मधलीच्या कानाशी आला. "थांबव त्यांना. अर्ध्यात विसरतील. सगळ्यांसमोर."

मधलीलाही तेच वाटत होतं. तिचे पाय पुढे जायला निघालेही. पण बाबा बोलायला लागले होते, एका खुर्चीच्या पाठीला धरून.

"गोष्ट तुम्हाला माहीत आहे. शिरगणती होती. त्या राजाने... त्या मोठ्या... काय त्याचं..."

मधलीने दादाकडे पाहिलं.

"कैसर!" तीन-चार जण एकदम म्हणाले.

"हां, कैसर. त्याने हुकूम काढला, ज्याने त्याने आपापल्या गावी जाऊन नाव लिहा. आता सगळी माणसं एकदम आली म्हणजे काय होतं, ते मला विचारा. बसायला कमी पडतं. हा तर नेहमीचा घोळ. हे दोघं आले... ती... तिचं नाव..."

"मरिया," फिटरच्या धाकट्या मुलीने सांगितलं. तिला वाटलं आपली परीक्षा घेतायत.

"शाबास. मरिया. अवघडलेली. आणि उतारशाळेत जागा नाही. लोक त्या उतारशाळेवाल्याला बोल लावतात. मला त्याचा राग येत नाही. धंदेवाला माणूस. जेवढी माणसं मोजली तेवढी जागा केली. चूक एवढीच झाली त्याची. मोजलेल्यांपुरतीच जागा केली, की जो मोजलेला नाही तो बाहेर राहतो. आणि देव नेमका त्यांच्यातच येतो. म्हणून आपण ऑर्डरपेक्षा एक खुर्ची वर टाकतो. पैसे नाही लावत तिचे. साहेब लोक म्हणायचे, एक जास्त झालीय, घेऊन जा. मी म्हणायचो, असू द्या, येईल कुणीतरी."

ते थांबले. मधलीला वाटलं, धागा तुटला. पण ते नुसते माणसांकडे बघत होते.

"यंदा कारखाना बंद आहे हे मी विसरलो," बाबा म्हणाले. "मधलीने आत्ता सांगितलं तेव्हा आठवलं. म्हणजे यंदा मी सगळ्याच वरच्या टाकल्यात. ऑर्डरच नव्हती."

वजनकाट्याचे काका आधी हसले. मग सगळं आवार हसलं. खूप दिवसांनी मधलीने एवढ्या माणसांचं हसणं एका ठिकाणी ऐकलं. ते शेडच्या पत्र्यावर आपटून परत आलं, आणि परत आलेल्या आवाजाला लोक पुन्हा हसले.

"पुढे मेंढपाळ," फिटरने आठवण दिली.

"हो, मेंढपाळ. मेंढपाळ म्हणजे कोण? मेंढरांचे वॉचमन. सगळं जग झोपलेलं आणि हे जागे. त्यांनाही कुणी काही सांगत नव्हतं. देवदूत पहिल्यांदा त्यांनाच सांगायला आले."

फाटकाजवळचा वॉचमन ताठ झाला. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं.

ज्ञानी पुरुष बाबा साफ विसरले. कुणी आठवणही केली नाही. पातेलं आलं होतं.

*

घास लहान घेतले. ज्यांचं घर जवळ होतं ते जाऊन काही ना काही घेऊन आले. कुणी उकडलेली अंडी, कुणी बटाटे, कुणी नुसतं लोणचं आणि एक कौतुकाचा मुलगा जो गाणं म्हणतो असं सांगण्यात आलं आणि ज्याने शेवटपर्यंत म्हटलं नाही. मावशीचा चहा तसाच झाला. लोकांनी नावं ठेवली आणि रांग लावली. मनुकांची बाजू कुणाला आली हे कळलं नाही. पाळकसाहेबांनी आवाजाशिवाय प्रार्थना केली. सगळे त्यांच्या ओठांकडे बघत राहिले आणि आमेन बरोबर वेळेला म्हणाले.

*

टेम्पोच्या मागे.

"झालं ते छान झालं," दादा म्हणाला. "मीही जेवलो. मीही हसलो. पण म्हणून जे खरं आहे ते बदलत नाही. आज रस्ता मोकळा होता म्हणून. मधले, तू आत्ताच सांग त्यांना."

"आज नको रे," भोंगा म्हणाला.

"मग कधी? कुणीतरी टेम्पोखाली आल्यावर?"

"राहू देत चाव्या त्यांच्याकडे," वहिनी म्हणाल्या.

दादा बायकोकडे बघतच राहिला. "अगं, काल तूच म्हणालीस..."

"काल म्हणाले."

"गॅस, टेम्पो, मयत, तूच सगळं मोजून..."

"अहो, मला माहीत आहे मी काय म्हणाले ते. विसरायला कुणीही विसरतं. एवढंच म्हणतेय." आणि त्या खोळी गोळा करायला निघून गेल्या, जवळजवळ पळतच.

"हिला काय झालं?" दादाने मधलीला विचारलं.

मधलीला ठाऊक नव्हतं. काल दोघं इकडे, दोघं तिकडे होते. आज दादा एकटा पडला होता, आणि तरी तिला कळत होतं की बरोबर तोच बोलतोय. टेम्पो खरा होता. रस्ता खरा होता. दुकानात तिला बाई म्हणणारा माणूसही खरा होता.

चाव्यांचा आवाज आला. बाबा टेम्पोला वळसा घालून येत होते. त्यांनी कमरेचा जुडगा सोडवला होता.

"हे घे," ते मधलीला म्हणाले. "तुम्ही काल वर बसून ठरवलंत ना."

"बाबा, तुम्हाला..."

"ऐकू येतं मला. मग विसरलो. आत्ता आठवलं. पुन्हा विसरायच्या आत घे."

दादाने मान खाली घातली. भोंग्याने उगीचच टेम्पोचं फाळकं लावलं, उघडलं आणि परत लावलं.

मधलीने जुडगा हातात घेतला. तो गरम होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. तिने टेम्पोची चावी शोधली, नखाने कडी उकलली आणि ती काढून दादाच्या हातात ठेवली. उरलेला जुडगा बाबांच्या कमरेला परत अडकवला. कडी पटकन लागेना. बाबा लहान मुलासारखे हात वर करून उभे राहिले.

"टेम्पो दादा चालवेल किंवा भोंगा," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसायचं. गोदाम तुमचं. पण सकाळी उघडताना मी येणार, माझं दुकान उघडायच्या आधी. रोज."

"तू खुर्च्या वाकड्या लावतेस."

"मग शिकवा."

"दादापेक्षा बऱ्या लावतेस म्हणा. तो मिटतानासुद्धा वाकडी मिटतो." बाबा दादाकडे वळले. "बघत काय राहिलास? दोरी सोड. पुढची रांग आधी, मागची मागून. उलट केलंस तर ढीग लागत नाही नीट."

"काय फरक पडतो बाबा?"

"कर तर खरं, मग सांगतो."

दादाने टेम्पोची चावी खिशात घातली. मग पुढच्या रांगेकडे गेला. माणसं अजून बसलेली होती, त्यामुळे पहिल्या खुर्चीशी जाऊन तो काकांच्या उठण्याची वाट बघत उभा राहिला. काकांनी मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. ऊन अजून छान होतं.

थंडीत तो टेम्पो ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. त्या पहाटे तो वहिनींनी ढकलला होता, गाउनवर नवऱ्याचा स्वेटर चढवून. बाबांनी त्यांना सांगितलं की कारखान्यात खुर्च्या न्यायच्यात, आणि कारखाना बंद आहे हे वहिनींच्याही ध्यानात आलं नाही; टेम्पो घराच्या फाटकाबाहेर पडताना त्यांनी मागून विचारलं, "खोळी धुतलेल्याच नेल्यात ना?"